जेरुसलेमचा तुटका शिलालेख आणि हेड्रियनचा आकडा १४

२०१४ साली जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या उत्तरेला, दमास्कस दरवाजाजवळ, उत्खनन चालू होतं. तिथे पाण्याच्या एका खोल टाक्याच्या तोंडाशी साधारण टनभर वजनाचा चुनखडीचा शिलाखंड बसवलेला सापडला. टाक्याच्या तोंडाला नीट बसावा म्हणून नंतरच्या गवंड्यांनी त्याचा काही भाग गोलाकार कापून टाकला होता. उरलेल्या भागावर मोठी, रेखीव लॅटिन अक्षरं होती. ओळी मात्र अर्धवट.

हिब्रू विद्यापीठाचे अव्हनर एकर आणि हॅना कॉटन यांनी लेख वाचला, तेव्हा एक जुना धागा जुळला. याच लेखाचा दुसरा तुकडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडला होता आणि फ्रेंच अभ्यासक शार्ल क्लेरमाँ-गानो यांनी प्रसिद्ध केला होता. तो त्याच शहरातल्या फ्रान्सिस्कन संग्रहालयात ठेवलेला आहे. दोन्ही तुकडे मिळून रोमन सम्राट हेड्रियनच्या गौरवाचा लेख उभा राहिला. तो कोरून घेतला होता रोमन सैन्याच्या दहाव्या लीजनने, म्हणजे इ.स. ७० मध्ये जेरुसलेम रोमनांच्या हाती पडल्यापासून तिथेच तळ ठोकून असलेल्या पलटणीने.

अर्ध्या ओळींवरून पूर्ण मजकूर ठरवता येतो, कारण सम्राटांच्या बिरुदावलीची घडण ठरलेली असे. आधी वंश: देवपद पावलेल्या ट्राजानचा पुत्र, देवपद पावलेल्या नर्व्हाचा नातू. हे दोघे हेड्रियनच्या आधीचे सम्राट, आणि दोन्ही नातेसंबंध दत्तकाचे आहेत. नर्व्हाने ट्राजानला दत्तक घेतलं होतं. हेड्रियनचं दत्तकविधान मात्र ट्राजानच्या मृत्युशय्येवर जाहीर झालं आणि त्याबद्दल रोममध्ये कुजबुज होती. त्यामुळे दगडावर वंश आधी येतो याला माझ्या मते मोठा राजकीय अर्थ आहे. वंशानंतर सम्राटाचं नाव, मग महापुरोहितपद, ट्रिब्यूनचे (जनतेच्या रक्षक अधिकाऱ्याचे) अधिकार, कॉन्सलपद (रोमचं सर्वोच्च शासकीय पद) आणि शेवटी ‘राष्ट्रपिता’ हा किताब. बहुतेक शब्द संक्षेपात कोरलेले असतात. अभ्यासक उरलेल्या अक्षरांची रुंदी आणि त्यांमधलं अंतर मोजतात. सुचवलेला शब्द रिकाम्या जागेत मावला नाही, तर तो कितीही शोभणारा असला तरी सोडून द्यावा लागतो.

या लेखातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ट्रिब्यूनच्या अधिकारांपुढचा १४ हा आकडा. रोमन सम्राटाला हे अधिकार दरवर्षी नव्याने मिळत, म्हणून तो आकडा त्याच्या कारकिर्दीचं वर्ष सांगतो. हेड्रियन ऑगस्ट ११७ मध्ये गादीवर आला, तेव्हा पहिली वेळ. पण नूतनीकरणाचा ठरलेला दिवस होता १० डिसेंबर. त्यामुळे त्याचं पहिलं ‘वर्ष’ जेमतेम चार महिन्यांत संपलं आणि त्याच डिसेंबरात दुसरं सुरू झालं. तिथून मोजत गेलं की चौदावं वर्ष १० डिसेंबर १२९ ते ९ डिसेंबर १३० असं येतं.

इतर पदव्यांवरून एवढी नेमकी तारीख निघाली नसती. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला ११९ साली आणि पुन्हा कधीच नाही. म्हणजे ‘तिसऱ्यांदा कॉन्सल’ एवढंच उरलं असतं तर ११९ ते १३८ असा लांबलचक काळ हाती आला असता. ‘राष्ट्रपिता’ हा किताब त्याने १२८ मध्ये स्वीकारला, त्यावरून या काळाची सुरुवातीची हद्द थोडी आवळता येते. नेमकं वर्ष मात्र त्या आकड्यानेच दिलं.

आता हे काम संगणकही करू लागला आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेली ‘एनियस’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली सुमारे १,७६,००० लॅटिन लेखांवर शिकलेली आहे. ती गहाळ अक्षरं सुचवते, लेखाचा काळ आणि प्रदेश अंदाजते. ठरावीक साच्याचे लेख अशा प्रणालीच्या पथ्यावर पडतात. तरी तिने सुचवलेलं अक्षर दगडावर बसतं का, हे माणसालाच पाहावं लागतं.

लेखाच्या शेवटी लीजनच्या नावापुढे ‘अँटोनिनियाना’ हा शब्द नंतर दुसऱ्याच कुणीतरी कोरलेला आहे. हा किताब लीजनला तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मिळाला. म्हणजे मूळ लेखानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनीही सैनिक या स्मारकाकडे आपलं म्हणून पाहत होते.

१३० साली हेड्रियन स्वतः या प्रांतात आला होता. तेव्हा हा दगड बहुधा त्याच्या स्वागतासाठी उभारलेल्या कमानीचा असावा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १३२ मध्ये, बार कोख्बाच्या नेतृत्वाखाली ज्यूंचं मोठं बंड पेटलं. इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की जेरुसलेमच्या जागी हेड्रियनने ‘एलिया कापितोलिना’ हे रोमन शहर वसवलं आणि तिथे ज्युपिटरचं देऊळ उभारलं, म्हणून बंड झालं. चौथ्या शतकातला ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस याच्या मते शहर वसवलं गेलं ते बंड मोडल्यावर. हा लेख त्या वादाचा निकाल देत नाही, कारण त्यात नव्या शहराचं नावच नाही. पण बंडाच्या आधी जेरुसलेममध्ये सम्राटासाठी एवढं भव्य बांधकाम झालं होतं, हे त्यावरून पक्कं ठरतं. मला तरी त्यामुळे डिओची बाजू अधिक भक्कम वाटते.