विधवेचे दत्तक, नागपूरची गादी आणि एक सूत्र : पार्श्वभूमी

नागपूरचा राजा ११ डिसेंबर १८५३ रोजी वारला. औरस मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेले नव्हते. काही महिन्यांत राज्य खालसा झाले. एवढे सर्वांना पाठ असते. राणीला दत्तक घेण्याचा अधिकार होता की नाही, हा प्रश्न मात्र तेव्हा निकाली निघालाच नाही, आणि पुढची शंभर वर्षे तोच कोर्टाकोर्टांत फिरत राहिला.

सगळा गुंता वसिष्ठधर्मसूत्रातल्या एका वाक्याचा. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये, घेऊही नये. मिथिलेच्या पंडितांनी अर्थ लावला की संमती दत्तकाच्या वेळीच हवी. म्हणजे विधवेचा मार्ग बंद. बंगाल व बनारसकडे पतीने हयातीत दिलेली परवानगी पुरे. दक्षिणेत ती नसेल तर सपिंडांची, म्हणजे पतीच्या जवळच्या भाऊबंदांची, संमती चाले. महाराष्ट्रात मयूख आणि कौस्तुभ या ग्रंथांनी सरळ सांगितले की हे बंधन नवरा जिवंत असलेल्या स्त्रीपुरते आहे. पतीने स्पष्ट मनाई केली नसेल तर विधवा स्वतःच्या अधिकारात दत्तक घेऊ शकते.

नागपूरचे राजे भोसले मराठे. त्यांच्या घराला हा शेवटचा अर्थ लागू व्हायला हवा होता. पण कंपनीच्या कागदांत शास्त्रापेक्षा राजकारणाचे वजन जास्त दिसते. १८१८ नंतर राज्य आम्हीच पुन्हा दिले, तेव्हा वारसाही आमच्या संमतीशिवाय नाही, असा तो युक्तिवाद. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमधल्या एका सदस्याने लेखी विरोध नोंदवला. उपयोग झाला नाही. १८५७ नंतर राणीचा दत्तक मान्य झाला खरा, पण त्याला देऊरची जहागीर आणि किताब मिळाला, राज्य नाही.

१८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, मदुरेच्या खटल्यात या चारही अर्थांची नोंद घेतली आणि सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनापेक्षा वरचढ ठरवली. हे चौदा वर्षे आधी झाले असते तरी गादी वाचली असती असे नाही, पण शास्त्राचा आडोसा तरी गेला असता. एकत्र कुटुंबातल्या विधवेला भाऊबंदांची संमती लागते, असे मुंबईच्या न्यायालयाने मध्यंतरी धरले होते. ती अट प्रिव्ही कौन्सिलने १९२१ मध्ये दूर सारली.

नागपुरात अडचण वेगळी होती. नागपूर ज्यात होते त्या मध्य प्रांतात सामान्यतः बनारसची परंपरा चाले. महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे मात्र आपला कायदा सोबत आणतात, असे गृहीत धरले जाई. मग घराणे मूळचे कुठले, सोयरिकी कुठे, विधी कोणत्या पद्धतीने होतात, याचा पुरावा लागे. तो ढिला पडला की दत्तकच पडे.

नागपूर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आले आणि २१ डिसेंबर १९५६ पासून नवा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू झाला. जुन्या फाइली चाळताना ही दुसरी तारीख आधी पाहावी. तिच्याआधीचे विधवेचे दत्तक पतीच्या मृत्यूपर्यंत मागे जाई, त्यामुळे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर असलेली मिळकतही हलू शके. नव्या कायद्याच्या कलम १२ ने ते थांबवले : आधीच कुणाकडे गेलेली मिळकत दत्तक पुत्र काढून घेऊ शकत नाही. तरी विधवेने घेतलेला मुलगा मृत पतीचाही पुत्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले, आणि वाद पुन्हा पेटले.

दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा होमविधी, आता आवश्यक नाही. प्रत्यक्ष देणे-घेणे मात्र लागतेच. नोंदणी झालेल्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या दत्तकपत्रामुळे कलम १६ खाली ते झाले असे गृहीत धरतात, पण उलट पुरावा आला की गृहीतक कोसळते. दुसरी नेहमीची चूक वयाची. रूढी सिद्ध करता येत नसेल, तर पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे दत्तक टिकत नाही.