रस्ता वाढला आणि सगळ्यांनाच उशीर झाला

परवा एका ग्रुपवर फॉरवर्ड आला की आता सगळ्यांच्या हातात मॅपचं अॅप आहे, प्रत्येकाला सगळ्यात फास्ट रस्ता कळतो, त्यात एआय आलंय, त्यामुळे काही वर्षांत ट्रॅफिक जॅम हा प्रकारच संपणार. खाली चाळीस जणांचे अंगठे. मला राहवेना, मी लिहिलं की प्रत्येकाने आपापला फास्ट रस्ता धरला तर सगळेच उशिरा पोचू शकतात आणि हे गणिताने सिद्ध झालंय. एकाने हसणारा चेहरा टाकला आणि विषय संपला. म्हणून हा लेख.

हे गणित आहे डिट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञाचं, १९६८ सालचं. कागद पेन घ्या, मजा येते.

घरून ऑफिसला जायला दोन वाटा आहेत. वरच्या वाटेवर आधी एक अरुंद पूल आणि मग रुंद हायवे. खालच्या वाटेवर उलटं, आधी हायवे आणि शेवटी अरुंद पूल. हायवेवर कितीही गाड्या असोत, ४५ मिनिटं लागतात. पुलावर मात्र गर्दीप्रमाणे वेळ वाढतो, गाड्यांच्या संख्येला १०० ने भागा, तेवढी मिनिटं. रोज सकाळी ४००० गाड्या निघतात. आपोआप २००० वरून, २००० खालून अशी वाटणी होते, कारण एका बाजूला गर्दी झाली की लोक दुसरीकडे सरकतात. पुलावर २० मिनिटं, हायवेवर ४५, एकूण ६५. सगळ्यांना सारखेच.

आता कोणीतरी वरच्या पुलाच्या शेवटापासून खालच्या पुलाच्या सुरुवातीपर्यंत एक झकास जोडरस्ता बांधला, इतका छोटा की वेळ शून्यच धरा. म्हणजे हायवेवर जायलाच नको, पहिला पूल आणि लगेच दुसरा पूल, २० अधिक २०, चाळीस मिनिटांत ऑफिस! पहिल्या दिवशी जो घुसला तो खूश. दुसऱ्या दिवशी त्याने मित्रांना सांगितलं.

समजा १००० गाड्या इकडून जायला लागल्या आणि उरलेल्या जुन्या दोन वाटांवर १५०० -१५००. आता प्रत्येक पुलावर २५०० गाड्या झाल्या, कारण शॉर्टकटवाला दोन्ही पूल वापरतो ना. पुलाला २५ मिनिटं. शॉर्टकटवाले ५० मिनिटांत पोचले, आणि जुन्या वाटेवाल्यांना लागली ७०, त्यांनी काहीही न करता त्यांची ५ मिनिटं गेली. मग तेही वैतागून शॉर्टकटकडे वळणारच. २००० वळले की शॉर्टकट ६०, जुनी वाट ७५. ३००० वळले की ७० आणि ८०. आणि शेवटी सगळे ४००० तिथूनच, दोन्ही पुलांवर ४०-४० मिनिटं, एकूण ८०. आधी ६५ लागत होती, रस्ता *वाढवल्यावर* ८०.

बरं मग लोक परत जुन्या वाटेने का जात नाहीत? कारण एकट्याने परत गेलात तर पुलावर ४० आणि हायवेवर ४५, म्हणजे ८५. ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. प्रत्येक ड्रायव्हर शहाण्यासारखाच वागतोय, कोणी मूर्ख नाही, कोणी बेशिस्त नाही, सिग्नल तोडत नाही, पुलावर ४५०० गाड्या होईपर्यंत शॉर्टकटच फायद्याचा दिसतो आणि गाड्या आहेतच मुळी ४०००. त्यामुळे सुटका नाही. प्रत्येकजण आपलं बघून थांबला की जी स्थिती येते तिला वॉर्ड्रॉपचा समतोल म्हणतात, वाहतुकीचा अभ्यासक जॉन वॉर्ड्रॉप याने तो १९५२ साली मांडला होता.

इथे एक घोळ नेहमी होतो. रस्ते रुंद केले की नवीन गाड्या येतात आणि परत जॅम, ती गोष्ट खरी आहे पण वेगळी. ब्राएसच्या उदाहरणात एकही गाडी वाढलेली नाही.

आता अॅपकडे येऊ. वॉर्ड्रॉपच्या गणितात एक गृहीतक असतं की प्रत्येक ड्रायव्हरला सगळ्या वाटांचा वेळ माहीत आहे. १९५२ साली हे साफ खोटं होतं! कुठली गल्ली कुठे निघते हे फक्त तिथे राहणाऱ्यांना माहीत. म्हणजे असे कित्येक जोडरस्ते जमिनीवर होते पण आपल्या अज्ञानाने बंद होते. फोनने ते एका झटक्यात उघडले, एक घमेलं डांबर न ओतता. अॅप बनवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांनी फक्त गृहीतक खरं करून दाखवलं. अमेरिकेत न्यू जर्सीत लिओनिया नावाचं एक छोटं गाव आहे, न्यूयॉर्कला जाणाऱ्या मोठ्या पुलाजवळ. अॅप लोकांना गावातल्या गल्ल्यांतून काढायला लागलं, रहिवाशांना स्वतःच्या दारातून गाडी काढणं अवघड झालं, आणि २०१८ च्या जानेवारीत गावाने गर्दीच्या वेळी डझनावारी गल्ल्या बाहेरच्यांना बंदच केल्या. रस्ता तोच, गाव तेच, बदललं फक्त कोणाला काय माहीत आहे ते.

मग रस्ते बंद करून ट्रॅफिक सुधारतं का? उदाहरणं सांगतात पण जरा सांभाळून घ्या. न्यूयॉर्कची ४२ वी स्ट्रीट १९९० मध्ये वसुंधरा दिनाला बंद ठेवली, सगळ्यांना वाटलं गोंधळ उडणार, उलट गाड्या छान चालल्या, ही गोष्ट ब्राएसच्या नावाने सगळीकडे फिरते. पण २२ एप्रिल १९९० ला रविवार होता हे कोणी सांगत नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये चॉन्ग्येचॉन नाल्यावरचा उड्डाणरस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला, २००५ मध्ये तिथे परत पाणी वाहायला लागलं, शहर काही ठप्प झालं नाही. पण २००४ मध्ये त्यांनी बससेवाही आमूलाग्र बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या ब्राएसला देणं म्हणजे उगाच हाइप.

आणि शॉर्टकट वाईटच असतो असंही नाही. वरचंच उदाहरण घ्या, त्यातून रोज फक्त ५०० गाड्या सोडल्या तर सरासरी साधारण ६४.७ मिनिटं येते, म्हणजे ६५ पेक्षा थोडीशी चांगलीच. पण ते ५०० लोक ४५ मिनिटांत पोचणार आणि बाकीचे ३५०० साडेसदुसष्ट मिनिटांत. आता हे ५०० कोण ते ठरवा. अॅपला हे आकडे काढणं अवघड नाही, पण "आज तुम्ही हळू रस्त्याने जा, बाकीच्यांचं भलं होईल" असं सांगणारं अॅप तुम्ही फोनमध्ये ठेवाल का? मी तर नाही ठेवणार.

अजूनही विश्वास बसत नसेल तर दोन स्प्रिंगा घ्या. समजा प्रत्येक १० सेंटिमीटर लांब आहे आणि १ किलो लटकवला की २० सेंटिमीटर ताणते. एक हुकाला अडकवा, तिच्या खाली २ सेंटिमीटरचा दोरा, दोऱ्याला दुसरी स्प्रिंग, तिला १ किलोचं वजन. वजन हुकापासून ६२ सेंटिमीटरवर येईल. आता ३५ सेंटिमीटरचे दोन सैल दोरे बांधा, एक हुकापासून खालच्या स्प्रिंगच्या वरच्या टोकाला, दुसरा वरच्या स्प्रिंगच्या खालच्या टोकापासून वजनाला. आणि मधला छोटा दोरा कापा. आधार कापला की वजन खाली येणार असं कोणीही म्हणेल. पण आता दोन स्प्रिंगा एकामागे एक नाहीत, शेजारी शेजारी आहेत, प्रत्येकीवर अर्धाच किलो, त्या १०-१० सेंटिमीटरच ताणतात, म्हणजे प्रत्येकीची लांबी २०, आणि २० अधिक ३५ म्हणजे ५५. वजन ७ सेंटिमीटर वर उचललं जातं. मधला दोरा म्हणजे आपला जोडरस्ता. फक्त कापायच्या आधी लांब दोरे खरंच सैल आहेत ना ते बघा, नाहीतर प्रयोग फसतो आणि घरातले हसतात.