मुलाला आंतरराष्ट्रीय बालगीत स्पर्धेत गायचंय? निवड कोण करतं, अटी काय आणि मुंबईत कुठले कागद लागतात

विलेपार्ल्यात मी लहान मुलांना गाणं शिकवते. शाळा सुरू होऊन महिना झाला की एक प्रश्न हमखास येतो. कुणाच्या तरी घरी यूट्यूबवर ज्युनियर युरोव्हिजनचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचं, गाणं पाहिलेलं असतं. दहा-अकरा वर्षांचं पोर एवढ्या मोठ्या मंचावर न घाबरता गातंय, मागे त्याच्या देशाचा झेंडा फडकतोय, हे बघून आई-बाबा विचारतात, "ताई, आपल्या देशातर्फे जायचं तर फॉर्म कुठे मिळतो?"

पालकांनी भरून थेट स्पर्धेला पाठवायचा फॉर्म नसतोच. आपल्याकडे नाही, युरोपातही नाही. हे आधी सांगते, कारण नेमक्या याच गैरसमजावर पैसे उकळले जातात. माझ्याच क्लासमधल्या एका मुलीच्या आईकडे 'भारतातर्फे निवड' म्हणून नोंदणी शुल्क मागितलं गेलं होतं. त्या बाईंनी भरायच्या आधी मला विचारलं म्हणून पैसे वाचले.

देश नव्हे, वाहिनी पाठवते

ज्युनियर युरोव्हिजन ही स्पर्धा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन भरवते. ही प्रसारण संस्थांची संघटना आहे. पहिली स्पर्धा १५ नोव्हेंबर २००३ रोजी कोपनहेगनला झाली, १६ देश होते आणि क्रोएशियाचा मुलगा जिंकला. भाग कोण घेतं? त्या संघटनेची सभासद असलेली वाहिनी. आयर्लंडची टीजी फोर, फ्रान्सची फ्रान्स टेलिव्हिजन्स, पोलंडची टीव्हीपी. गायक निवडायचा कसा हे ती वाहिनी ठरवते आणि तिथे नाव तीच नोंदवते. सरकारचं सांस्कृतिक खातं, दूतावास, एखादी खाजगी अकादमी यांना त्यात अधिकार नसतो.

पूर्ण सभासदत्व युरोपीय प्रसारण क्षेत्रातल्या किंवा युरोप परिषदेतल्या देशांच्या वाहिन्यांना मिळतं. भारत त्यात बसत नाही, म्हणून आपला देश या स्पर्धेत कधी उतरलेला नाही. ऑस्ट्रेलिया २०१५ ते २०१९ होता, पण तिथेही बोलावणं तिथल्या वाहिनीला होतं, कुणा मुलाला नव्हतं. तेव्हा 'इंडियाची सीट' मिळवून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं की वाहिनी कुठली आणि तिचं पत्र कुठे आहे.

मग ही माहिती मुंबईत बसून वाचायची कशाला? दोन कारणं आहेत. एक, आपल्यापैकी कितीतरी जणांची नातवंडं, भाचरं डब्लिनला, अॅमस्टरडॅमला, म्युनिकला वाढतायत आणि ती खरोखर पात्र ठरू शकतात. दुसरं, त्या स्पर्धेच्या अटी इतक्या नेमक्या आहेत की इथल्या वाहिन्यांच्या ऑडिशनची तयारी करतानाही त्या उपयोगी पडतात.

अटी

वय ९ ते १४, आणि ते मोजतात अंतिम फेरीच्या दिवशी. अर्जाच्या दिवशी नाही. पूर्वी ८ ते १५ होतं, नंतर १० ते १५ झालं, सध्याची मर्यादा २०१६ पासूनची. मुलगा निवडीच्या वेळी चौदाचा असेल आणि मध्ये वाढदिवस येऊन पंधरा पूर्ण होत असतील, तर तो बाद.

मुख्य गायक त्या देशाचा नागरिक असावा, नाहीतर निदान दोन वर्षं तिथे राहिलेला असावा. परदेशातल्या मराठी घरांसाठी ही अट फार मोलाची. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असला तरी दोन वर्षांचं वास्तव्य कागदावर दाखवता आलं तर दार बंद होत नाही. अर्थात स्थानिक वाहिनीचे स्वतःचे नियम त्याहून कडक असू शकतात, ते दर वर्षीच्या जाहिरातीत वाचावेत.

गाणं किमान अडीच मिनिटं, जास्तीत जास्त तीन. नवं हवं, आधी बाजारात आलेलं चालत नाही. मुख्य आवाज मंचावर प्रत्यक्ष गायचा, वाद्यमेळ ध्वनिमुद्रित असतो. २०१७ पासून प्रेक्षक ऑनलाइन मतं देतात आणि निम्मे गुण ज्युरीचे असतात.

आणि भाषा. शब्दांपैकी किमान साठ टक्के भाग त्या देशाच्या भाषेत हवा, उरलेल्या चाळीस टक्क्यांत इंग्रजी किंवा दुसरी भाषा चालते. माझं मन या अटीवर जडलंय. आयर्लंडचंच बघा. रोजचा व्यवहार बहुतांश इंग्रजीत. पण टीजी फोर ही आयरिश भाषेची वाहिनी, म्हणून २०१५ मध्ये पहिल्यांदा उतरल्यापासून तिथली मुलं आयरिशमध्ये गातात. २०२२ मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला आयर्लंड चौथा आला. वेल्सनं २०१८ मध्ये वेल्शमध्ये गाऊन शेवटचा क्रमांक घेतला, तरी २०१९ मध्ये पुन्हा वेल्शमध्येच गायला मूल पाठवलं. आपल्याकडे पाचवीतलं मूल ऑडिशनला जाताना आई सांगते, मराठी नको, हिंदी म्हण, परीक्षकांना आवडेल. मला हे पटत नाही. ज्या भाषेत मूल भांडतं, रडतं, त्या भाषेत त्याचे उच्चार मोकळे असतात आणि सूरही मोकळा लागतो. वर्गात हे मी रोज ऐकते.

निवडीच्या पद्धती

पोलंड २०१९ पासून टीव्हीवरच्या जाहीर कार्यक्रमातून निवड करत आला. २०१८ आणि २०१९ असं सलग दोनदा जिंकणारा तो पहिला देश. नेदरलँड्स आणि माल्टा खास राष्ट्रीय फेरी घेतात. फ्रान्सची वाहिनी अंतर्गत निवड करते, म्हणजे प्रेक्षकांपुढे स्पर्धा होत नाही, वाहिनीची माणसं मूल आणि गाणं ठरवतात. २०२०, २०२२ आणि २०२३ ही तिन्ही विजेतेपदं फ्रान्सला याच वाटेनं मिळाली. जाहीर निवड असेल तिथे अर्ज वाहिनीच्या संकेतस्थळावर पालकाच्या नावानं भरायचा असतो, सोबत मुलाच्या गाण्याचा व्हिडिओ. मुलानं स्वतः भरलेला अर्ज धरत नाहीत.

मुंबईतल्या मुलांसाठी: कायदा आधी वाचा

आपल्या मुलांपुढे आज खरी वाट आहे ती इथल्या वाहिन्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमांची. तिथे जाण्याआधी पालकांना एक कायदा ठाऊक असायला हवा, आणि दहातल्या नऊ जणांना तो ठाऊक नसतो. बालमजुरी प्रतिबंधक कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे, पण कलाकार म्हणून टीव्ही, चित्रपट, जाहिरात यांत काम करायला सूट आहे (सर्कशीला ती नाही), आणि शाळेचं नुकसान होता कामा नये. त्या सवलतीच्या अटी २०१७ च्या नियमांत दिल्या आहेत.

मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम करून घ्यायचं नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांपलीकडे नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती निर्मात्यानं नेमायची. शिकवणीची सोय निर्मात्याची. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. आणि मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर त्याला सहभागी करायचं नाही, हे नियमांत लिहिलेलं आहे. आईची इच्छा, बाबांची सही, गुरूचा आग्रह, यांतलं काहीही मुलाच्या होकाराची जागा घेत नाही.

परवानगी कोण काढतं? निर्माता. पालकांनी धावपळ करायची नाही. जिथे चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, निर्माता नमुना 'क' मधलं हमीपत्र देतो. सोबत मुलांची यादी, पालकांचं संमतीपत्र आणि जबाबदार व्यक्तीचं नाव. हमीपत्र सहा महिने चालतं. मुंबईत जिल्हे दोन आहेत हे विसरू नका. गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रीकरण असेल तर उपनगर जिल्हा, कार्यालय वांद्रे पूर्वेला. दक्षिण मुंबईतल्या सभागृहात असेल तर शहर जिल्हा, कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये. तुमचं घर कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. संमतीपत्रावर सही करताना "परवानगीची प्रत दाखवा" म्हणायला संकोच करू नका. चांगली निर्मिती संस्था ती लगेच दाखवते.

कागदपत्रं

सगळ्याचा पाया जन्मदाखला. तो मिळतो महापालिकेच्या विभाग कार्यालयातून, पण घराजवळच्या नव्हे, जन्म जिथे झाला त्या विभागाच्या. बोरिवलीत राहणारं मूल केईएममध्ये जन्मलेलं असेल तर नोंद परळच्या एफ दक्षिण विभागात सापडेल. बऱ्याच दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, नुसतं आई-वडिलांचं असतं, कारण बारशाआधी नोंद झालेली असते आणि पुढे कुणी बघितलेलं नसतं. नाव घालून घ्यायला पंधरा वर्षांची मुदत असते. ऑडिशनच्या आदल्या आठवड्यात हे लक्षात आलेली घरं मी पाहिलीत, म्हणून सांगते, आजच दाखला काढून बघा.

त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे नावाचं इंग्रजी स्पेलिंग. माझ्याकडे एक ज्ञानदा होती. जन्मदाखल्यावर तिचं नाव डी-एन-वाय-नं सुरू होतं, आधारवर जी-वाय-नं, शाळेच्या बोनाफाईडवर तिसरंच काहीतरी. ज्ञ, ऋ, क्ष, ळ असलेल्या नावांचं हे ठरलेलं दुखणं. वडिलांचं नाव मधे लावायची आपली पद्धतही घोळ घालते: एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर नसतं. जन्मदाखला प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आधी आधार, मग शाळेची नोंद, पासपोर्ट सगळ्यात शेवटी.

वाहिन्या साधारणपणे मागतात ते असं: जन्मदाखला, मुलाचं आणि एका पालकाचं आधार, चालू वर्षाचं बोनाफाईड, दोन-तीन फोटो, आई-वडिलांचं संमतीपत्र, आणि पुढच्या फेऱ्यांत मुख्याध्यापकांचं रजेबद्दलचं पत्र. मानधन मिळणार असेल तर मुलाच्या नावानं पॅन आणि बँक खातं. गाण्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रं सहसा मागत नाहीत. प्रवेशिका झालेली असेल तर उत्तम, पण तिच्यावाचून अडत नाही.

परदेशात गायची संधी कुठूनही आली तरी पासपोर्ट लागणारच. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. साधं शुल्क १००० रुपये. दोन्ही पालकांनी परिशिष्ट 'डी' वर सही करायची. एका पालकाची संमती मिळणं शक्य नसेल तर दुसऱ्यानं परिशिष्ट 'सी' भरायचं. एकट्यानं मूल वाढवणाऱ्या आयांना अनेकदा वाटतं की आपलं काम अडणार. 'सी' त्यांच्यासाठीच आहे. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यायची आणि मुलाला सोबत न्यायचं.

स्पर्धेखेरीज एक सरकारी वाट आहे, तिच्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, प्रतिभा शोध शिष्यवृत्ती. १९८२ पासून चालू आहे, वय १० ते १४, मान्यताप्राप्त शाळेत शिकणारी मुलं, आणि शास्त्रीय गायन त्यात बसतं. तिथे मूल कॅमेऱ्यापुढे उभं करावं लागत नाही, आणि शिकणं चालू राहतं.

ऑडिशनचा व्हिडिओ

मोबाईल आडवा धरा, पंखा बंद करा, खिडकी लावा. मुंबईत पहाटे सहाच्या सुमाराला रस्ता जरा शांत असतो, पण त्या वेळी आवाज तापलेला नसतो, म्हणून आधी अर्धा तास खर्ज आणि सपाट सरगम करून घ्या. एकाच दमात, न तोडता चित्रीकरण करा. आवाज दुरुस्त करणारी अॅप लावू नका. तयार कान पहिल्या आलापातच ते ओळखतो. अडीच ते तीन मिनिटांत ध्रुवपद आणि दोन अंतरे बसतात, लांबलचक सुरावटीनं सुरुवात करू नका.

मुलग्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. बारा ते चौदा या वयात आवाज फुटतो. मार्चमध्ये काळी चारला सहज गाणारा मुलगा दिवाळीत त्याच पट्टीत वरच्या षड्जाला चिरकतो. निवड आणि अंतिम फेरी यांत चार-सहा महिने गेले तर निवडलेलं गाणं त्याच्या गळ्याला परकं होऊ शकतं. अशा वेळी पट्टी उतरवायची, गाणं बदलायचं, आणि आयोजकांना लेखी कळवायचं. ओढून गायला लावलं तर गळ्याला इजा होते. फुटत्या आवाजाच्या दिवसांत मी मुलांना मंद्र सप्तकात हलक्या आवाजात रियाज देते आणि स्पर्धेचा अर्ज एक वर्ष पुढे ढकलायला सांगते. चौदा उलटून गेले तर उलटले.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या डब्लिनला असलेल्या मावशीनं परवा विचारलं, माझी मुलगी इथे तीन वर्षं आहे, शाळेत आयरिश शिकते, घरी मराठी बोलते, तिनं टीजी फोरच्या निवडीला जावं का? मी म्हटलं, वास्तव्याचा पुरावा काढून ठेवा, जाहिरात आली की वय अंतिम फेरीच्या तारखेला मोजा, आणि आयरिश उच्चार तिच्या शाळेतल्या बाईंकडून तपासून घ्या. सूर मी इथून फोनवर बघते. पण फॉर्म भरायच्या आधी मुलीला फोन द्या, तिला काय वाटतं ते मला तिच्याकडून ऐकायचंय.