काष्ठवायुवाद्ये, वाद्यवृंदातील : नाद आणि वादनतंत्र

पाश्चात्त्य वाद्यवृंदात तंतुवाद्यांच्या मागे, साधारण मध्यभागी बसणारा सुषिर वाद्यांचा गट. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही यातली चार मुख्य वाद्ये. प्रत्येकाची लहानमोठी भावंडेही याच गटात येतात : पिकोलो, इंग्लिश हॉर्न, बास क्लॅरिनेट, कॉन्ट्राबसून. नाव काष्ठावरून पडले असले तरी आजचे फ्लूट बहुधा चांदीचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले असते. अदोल्फ साक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेला सॅक्सोफोन तर पितळेचाच, तरी तो याच गटात मोडतो. पितळी वाद्यांत वादकाचे ओठ थरथरून नाद उठतो. इथे तो धारेवर फुटणाऱ्या फुंकेतून किंवा जिव्हाळीतून, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पातळ थरथरत्या पात्यातून, उठतो आणि नळीवरची भोके उघडून-मिटून स्वर बदलतो.

फ्लूट आणि क्लॅरिनेट शेजारी ठेवले तर दोन्ही जवळपास सारख्याच लांबीची, ६६-६७ सेंटिमीटरची भरतात. तरी फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ हर्ट्झचा, तर क्लॅरिनेटचा सुमारे १४७ हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली. फ्लूटची नळी दोन्ही टोकांना उघडी असते. क्लॅरिनेटची नळी मात्र तोंडाकडे जिव्हाळीमुळे बंद असल्यासारखी वागते आणि बंद नळीचा मूळ नाद उघड्या नळीच्या निम्म्या कंपनसंख्येचा असतो. याच कारणाने तिच्या खालच्या स्वरांत विषम उपस्वर (मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट अशा पटींचे सोबत उठणारे स्वर) ठळक असतात. क्लॅरिनेटच्या मंद्र स्वरांना जो पोकळ, गडद, ओलसर रंग आहे तो इथून येतो. ओबो आणि बसून यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे जिव्हाळी असूनही ती उघड्या नळीप्रमाणे वागतात.

याचा थेट परिणाम बोटांवर होतो. फ्लूट किंवा ओबोवर सा धरून फुंक बदलली की तार सा मिळतो, म्हणजे बोटांची ठेवण वरच्या सप्तकातही बरीचशी तीच राहते. क्लॅरिनेटवर मात्र त्याच बोटांनी एकदम वरच्या सप्तकातला पंचम लागतो. मधले दीड सप्तक भरून काढायला जादा भोके आणि चाव्या लागतात. या मधल्या टप्प्यातले शेवटचे काही स्वर नळीच्या अगदी वरच्या भागातून निघत असल्याने किंचित दबलेले असतात. त्यांच्यापुढचा स्वर घ्यायचा तर जवळजवळ मोकळी असलेली सगळी बोटे एका क्षणात खाली यावी लागतात. हा सांधा ऐकणाऱ्याला कळू न देणे हा क्लॅरिनेटच्या शिक्षणातला सर्वांत चिवट भाग आहे. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७००च्या सुमारास शालूमो या जुन्या वाद्यावरून क्लॅरिनेट घडवले. आजही त्याच्या खालच्या स्वरक्षेत्राला शालूमो म्हणतात.

फ्लूटमध्ये जिव्हाळी नाही, सगळे काम ओठांचे आहे. फुंक भोकाच्या पलीकडच्या धारेवर आदळून दुभंगते आणि तिचा बराच भाग नळीबाहेर सांडतो. म्हणून दमसास इथे फार लागतो. म्यूनिकच्या थेओबाल्ड बोएमने १८३२ आणि १८४७ मध्ये या वाद्याची रचना मुळापासून बदलली. बोटे जिथे पोहोचतात तिथे भोके ठेवण्याची जुनी रीत त्याने सोडली, नादशास्त्र सांगेल तिथे ती पाडली आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला चाव्यांची जोडणी केली. वाद्य एकसारखे वाजू लागले, पण थोडा असमानपणा उरलाच आणि तो उरला हे बरेच झाले. जवळजवळ सगळी बोटे उचलून वाजणारा मधला सी-शार्प आजही वाऱ्यासारखा, विरळ लागतो. फ्रेंच संगीतकार दबुसीने १८९४च्या आपल्या ‘फॉन’वरील (फॉन म्हणजे रोमन पुराणकथांतला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) रचनेची सुरुवात एकट्या फ्लूटच्या याच स्वराने केली आहे.

ओबो म्हणजे सनईच्या कुळातले वाद्य : शंकूसारखी नळी आणि दुहेरी जिव्हाळी. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये त्याला आजचे रूप येऊ लागले. नावाचा मूळ अर्थ ‘मोठ्या आवाजाचे लाकूड’ असा आहे. ओबोवादकाच्या आयुष्याचा मोठा भाग जिव्हाळी करण्यात जातो. दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागात वाढणारे नळासारखे उंच गवत त्यासाठी नावाजलेले आहे. त्याची कांडी वाळवायची, चिरायची आणि आतून सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीपर्यंत कोरायची. मग पट्टी दुमडून धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने बांधायची, टोक कापायचे आणि सुरीने खरवडत न्यायचे. शेवटचे दोन-चार हात जास्त पडले तर तासाभराची मेहनत वाया जाते. तयार झालेली जिव्हाळीही थोडेच दिवस टिकते, वाजवण्याआधी ती पाण्यात भिजवावी लागते आणि हवेतला दमटपणा बदलला की तिचा स्वभावही बदलतो.

दोन पात्यांमधली फट इतकी अरुंद असते की ओबोला हवा थोडीच लागते, पण दाब मोठा. वादकाचा श्वास संपत नाही, तो छातीत शिळा होतो. म्हणून विरामाच्या जागी आधी उरलेली हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची. कधी तर एका विरामात फक्त सोडायची आणि पुढच्या विरामात घ्यायची. आपल्या सनईवादकांप्रमाणे गालांत हवा साठवून, ती बाहेर ढकलताना नाकाने श्वास घेण्याची हातोटीही अनेक ओबोवादकांकडे असते. मैफिलीआधी सगळा वाद्यवृंद ओबोच्या ए स्वराशी जुळवून घेतो. हा स्वर ४४० हर्ट्झचा, युरोपात अनेक ठिकाणी थोडा चढा धरतात. ओबोचा स्वर स्थिर असतो आणि गर्दीतूनही आरपार ऐकू येतो.

बसूनची नळी सुमारे अडीच मीटर लांब, म्हणून ती दुमडलेली असते. एकट्या डाव्या अंगठ्याकडे आठ-नऊ चाव्यांचा कारभार. मधल्या सप्तकातले काही स्वर फाटू नयेत म्हणून हा अंगठा स्वराच्या आरंभी वरच्या एका चावीला निसटता स्पर्श करतो. बसूनला विनोदी समजण्याची सवय अनेकांना आहे, ती अन्यायाची आहे. रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीने १९१३च्या ‘वसंतोत्सव’ या बॅलेची सुरुवात बसूनच्या अत्यंत उंच, ताणलेल्या स्वरांनी केली आणि त्या आवाजात विनोदाचा लवलेश नाही.

स्वराचा आरंभ जीभ करते. जिव्हाळीवर टेकलेली जीभ मागे घेतली की स्वर सुटतो. फुंक आधीच दाबाने उभी असते, जीभ फक्त दार उघडते. फ्लूटवादकाचे तोंड मोकळे असल्याने ‘तु-कु-तु-कु’ असे आलटून-पालटून आघात करून तो फार जलद वाजवू शकतो. तोंडात जिव्हाळी धरणाऱ्यांना हे अवघड जाते. स्वराची आंदोलने फ्लूट, ओबो आणि बसूनवर मुख्यतः श्वासाने देतात. क्लॅरिनेटवादक अभिजात संगीतात बहुधा सरळच स्वर लावतात.

एकत्र वाजवताना खरी कसोटी लागते. जोरात फुंकले की फ्लूट चढते आणि हळू झाले की उतरते, तर क्लॅरिनेटचे नेमके उलटे. दोघे मिळून एक स्वर विरवत नेत असतील तर प्रत्येकाला आपापल्या ओठांनी विरुद्ध दिशेने सावरावे लागते. शिवाय वाद्य तापत जाते तसा त्याचा सूरही चढतो.

चाव्यांमुळे मींड संपते असे वाटते, पण क्लॅरिनेटच्या काही भोकांवर बोट थेट टेकते. ते हळूहळू सरकवले आणि ओठ-घसा सैल सोडला की स्वर घसरत जातो. १९२४ मध्ये क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या ‘रॅप्सडी इन ब्लू’चा आरंभ असाच चढवला. ए. के. सी. नटराजन यांनी तर क्लॅरिनेटवर संपूर्ण कर्नाटक संगीत वाजवले. महाराष्ट्रात हे वाद्य बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते वरातीच्या बँडमध्ये. मुंबईत २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर पूर्ण काष्ठवाद्यगट समोर बसून ऐकण्याची सोय शहरातच झाली.

विसाव्या शतकात चाव्यांचा नुसता आवाज आणि एकाच वेळी निघणारे अनेक स्वर हेही वादनाचे भाग झाले. संगीतकार व्हारेझच्या १९३६च्या एकल फ्लूट-रचनेत चाव्यांचे टकटक आघात लिहून दिलेले आहेत. इटालियन संगीतकार बेरिओने १९६९ मध्ये ओबोवादक हाइन्झ हॉलिगरसाठी लिहिलेल्या ओबो-रचनेत बोटांच्या वेगळ्या ठेवणीतून दुभंगलेले, बहुस्वरी नाद येतात.

ओबो आणि क्लॅरिनेट बहुधा आफ्रिकी काळ्या लाकडाचे करतात. ते झाड आपल्या शिसवाच्याच कुळातले. इतके घट्ट लाकूडही आतून गरम ओलसर श्वास आणि बाहेरून थंड हवा मिळाली की तडकते. म्हणून नवे वाद्य सुरुवातीचे काही आठवडे दिवसातून थोडाच वेळ वाजवतात आणि प्रत्येक वेळी आतून कापड ओढून ते कोरडे करतात. वाजवताना चावीखाली पाणी साचलेच, तर वादक सिगारेटचा कागद चावीखाली सरकवून ते टिपून घेतो.