सिनेमाच्या सबटायटलचा छापील मजकूर

सिनेमाची सबटायटल्स फाइलमधून बाहेर काढायची, त्यातल्या वेळा नि आकडे पुसायचे आणि उरलेले संवाद कागदावर छापून भाषा शिकायची, असा हा प्रकार. गोव्यात याचा सरळ उपयोग पोर्तुगीज शिकणाऱ्यांना. पणजीत कामोंइश या पोर्तुगाल सरकारच्या भाषा-संस्कृती संस्थेचं भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, काही शाळांतही ती घेता येते, पण वर्गात नीट कळणारी भाषा पडद्यावर भरभर बोलली की निम्मी डोक्यावरून जाते, तेव्हा कागद हातात असलेला बरा.

पहिली गोष्ट म्हणजे संवाद ज्या भाषेत, सबटायटलही त्याच भाषेतलं हवं. इंग्लिश सबटायटल छापून पोर्तुगीज येत नाही, हे सांगायला नको, पण लोक करतात तसं. दुसरं म्हणजे ब्राझीलची फाइल की पोर्तुगालची ते बघा. ‘मी करतोय’ ही रचनाच दोन्हीकडे वेगळी असते, त्यामुळे पणजीत पोर्तुगालची पद्धत शिकणारा ब्राझीलचा कागद घेऊन बसला की गोंधळतो. शिवाय सबटायटल दोन ओळींत, साधारण ४२-४२ अक्षरांत बसवायचं असतं, म्हणून बोललेलं सगळं त्यात येत नाही, कानाला ऐकू आलेला शब्द कागदावर नसला तर कान चुकलाच असं नाही.

आता काढायचं कसं. एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये सबटायटल बहुतेकदा मजकूर म्हणूनच असतं, ते एमकेव्हीटूलनिक्स किंवा एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने मिनिटभरात एसआरटी, म्हणजे सबटायटलची साधी मजकूर फाइल होऊन बाहेर येतं. डीव्हीडी आणि ब्लू-रेची गोष्ट वेगळी, तिथे सबटायटल म्हणजे अक्षरांची चित्रं, ती ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या तंत्राने, वाचून घ्यावी लागतात. सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं, फक्त कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांची अदलाबदल फार होते, तेवढं तपासायचं. तिसरा प्रकार चित्रातच पक्की जळवलेली सबटायटल्स, त्यांची वेगळी फाइलच नसते, प्रत्येक दृश्यातून अक्षरं वाचून घ्यावी लागतात, म्हणजे सगळ्यात कटकटीचं. २००४ पासून गोव्यात होणाऱ्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पडद्यावर जे वाचतो त्याची फाइल तर प्रेक्षकाच्या हातात येतच नाही.

खरा वेळ साफसफाईत जातो. एसआरटीत प्रत्येक तुकड्याला आधी क्रमांक, मग ‘००:०१:१५,२०० --> ००:०१:१८,४००’ अशी वेळ, मग संवाद आणि एक रिकामी ओळ. दोन तासांच्या सिनेमात असे हजारभर तुकडे सहज असतात, तसंच छापलं तर झेरॉक्सवाला खूश आणि वाचणारा वैतागलेला. सबटायटल एडिटमधून साधा मजकूर म्हणून एक्स्पोर्ट केलं की क्रमांक नि वेळा जातात. हेच नोटपॅड प्लस प्लस या मजकूर संपादकात फाइंड-रिप्लेसने करताना ‘नुसता आकडा असलेली ओळ उडव’ असं सांगितलं आणि संवादातच कोणी नुसतं ‘१९६१’ म्हणालं असेल तर तेही उडतं, म्हणून क्रमांक आणि त्याखालची वेळ या दोन्ही ओळी एकदम शोधायच्या. जुन्या पोर्तुगीज फायली बऱ्याचदा जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असतात, चुकीच्या पद्धतीने उघडल्या की टोपीवाली नि शेपटीवाली अक्षरं कचरा होतात, म्हणून आधी बरोबर एन्कोडिंग निवडायचं, मग यूटीएफ-८ या आजच्या सर्वसाधारण एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायचं. कचरा दिसत असतानाच फाइल सेव्ह केलीत तर तो कायम होतो.

दोन-तीन तुकड्यांत तुटलेली वाक्यं जोडावी, दर पाच मिनिटांनी एक वेळ मात्र ठेवावी, नाहीतर सीन शोधत बसावं लागतं. कोण बोलतंय हे सबटायटलमध्ये सहसा नसतं, ते पेन्सिलीने लिहायचं. पान उभं दुभागून डावीकडे संवाद आणि उजवी बाजू मराठी किंवा कोंकणी अर्थासाठी कोरी ठेवली की वहीची गरज उरत नाही.

कायद्याचं थोडक्यात: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी वापर नि अभ्यासापुरती मोकळीक देतं, प्रती काढून विकायची नाही.

सबटायटलच नसेल तर २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर हे ओपनएआयचं सॉफ्टवेअर आवाज ऐकून मजकूर लिहून देतं, पोर्तुगीज चांगलं, मराठी त्याहून कमी अचूक. कोंकणी मात्र त्याच्या भाषांच्या यादीत नाही, त्यामुळे कोंकणी सिनेमाचे संवाद अजून तरी ऐकून हातानेच उतरवायचे.