बीटी कापूस आणि ती १२० ग्रॅमची पुडी

गुलाबी बोंडअळी आली की दरवर्षी तेच ऐकायला मिळतं, शेतकऱ्यांनी नियम पाळले नाहीत म्हणून असं झालं. मला हे अजिबात पटत नाही, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बीटी म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं, पण त्याच्या खूप आधी कापसात हायब्रीड आलं. १९७० ला सुरतेहून एच-४ निघालं, जगातलं पहिलं कापसाचं हायब्रीड, आणि हायब्रीडचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागत असल्याने तिथून घरची सरकी राखून पेरणं हळूहळू सुटत गेलं. नव्वदीत अमेरिकन बोंडअळीने (ही गुलाबीहून वेगळी) असा कहर केला की फवारण्या करून करून लोक मेटाकुटीला आले, औषधं लागूच पडेनात. २००१ मध्ये तर गुजरातेत विनापरवाना बीटी हजारो एकरांवर उभं सापडलं, मग मार्च २००२ मध्ये केंद्राची परवानगी आली.

बीटीने काम केलं, हे म्हणायलाच हवं. पण बियाण्याचं ४५० ग्रॅमचं पाकीट तेव्हा सोळाशेच्या घरात होतं, २००६ ला ते साडेसातशेवर आलं. विदर्भातली बहुतेक पऱ्हाटी, म्हणजे कापूस, कोरडवाहू, पेरलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे परत पाकीट, तेही कृषी केंद्रातून उधारीवर. अळीची भीती कमी झाली, पावसाची होती तेवढीच राहिली, फक्त ती आता महाग पडायला लागली.

ज्या नियमाचं बोलतात तो असा: पाकिटासोबत नॉन-बीटीची, म्हणजे साध्या कापसाच्या बियाण्याची, १२० ग्रॅमची पुडी यायची. कडेने पाच ओळी किंवा २० टक्के रान त्याला सोडायचं, तिथे साध्या अळ्या जगतील आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांचं प्रमाण वाढणार नाही असा हिशोब. हिशोब बरोबरच होता हो, पण ज्याच्याकडे दोन एकर आहे त्याने त्यातलं पाचवा हिस्सा रान अळीला कसं द्यायचं? त्या पुड्या घरात कोनाड्यात तशाच पडून राहायच्या.

गुलाबी अळी जवळपास फक्त कापसावरच जगते. त्यात आपली हायब्रीडं लांब मुदतीची, आणि हातात दोन पैसे यावेत म्हणून फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी न उपटता तशीच राखली, की तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. गुजरातेत ती आधी बीटीला, मग २००६ च्या दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही पुरून उरली, आणि २०१७ ला आपल्याकडे बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि कवडी झालेला, म्हणजे नीट न फुटता कडक पडलेला, कापूस. आत बसलेल्या अळीला फवारा लागत नाही. तरी लोक फवारत राहिले, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते.