भिडूच्या वीक टू वर डबल आला की काय बोलायचं, आणि हे सगळं आलं कुठून

ब्रिजमध्ये भिडू २ बदाम बोलला, ही वीक टू, म्हणजे बदामाची सहा पानं आणि साधारण ६ ते १० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), पुढच्याने टेकआउट डबल टाकला, म्हणजे माझा हात बरा आहे, भिडू तू तुझा पत्ता (इस्पिक, किलवर वगैरे रंग) सांग, आणि आता बोली आपल्यावर. आज यावर चार जणांना विचारलं तर चार सिस्टिम सांगतील, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच बरोबर. हा गोंधळ का झालाय ते कळायला जरा मागे जावं लागतं.

गंमत म्हणजे या जोडीतला डबल आधी आला. टेकआउट डबल ऑक्शन ब्रिजच्या, म्हणजे आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच्या आधीच्या खेळाच्या, जमान्यातला, पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ चं, हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने बोटीच्या प्रवासात त्याची मार्कांची पद्धत बसवली ते. त्यानंतर एली कल्बर्टसन या ब्रिजगुरूच्या काळात दोनची बोली म्हणजे राक्षसी हात, गेमपर्यंत (जादा बक्षीस मिळणारा मोठा करार) थांबायचंच नाही असा. त्यावर कोण कशाला डबल करेल, सगळे गप पास म्हणायचे, त्यामुळे आपला हा प्रश्नच नव्हता.

मग हॉवर्ड शेंकन आणि त्याच्या बरोबरीच्यांनी १९३० च्या दशकात दोनची बोली उलटी केली. राक्षसी हात वर्षातून किती वेळा येतात? सहा पानांचे फुटकळ हात मात्र रोज येतात, तर मग दोनची बोली त्यांना द्या की. सामान्य खेळाडू बरीच वर्षं चार्ल्स गोरेन या लोकप्रिय ब्रिज लेखकाच्या पद्धतीने स्ट्राँग टू च, म्हणजे दोनवर तोच राक्षसी हात, खेळत राहिले, पण १९५० च्या दशकात रॉथ-स्टोन आणि कॅप्लन-शाइनवोल्ड या दोन्ही सिस्टिमनी वीक टू घेतलं आणि मग ते पसरलं.

इथे उत्तरं देण्याची पद्धत पण ठरत गेली. भिडूचा पत्ता वाढवला तर तेवढंच नॉन-फोर्सिंग (भिडू पास म्हणू शकतो), नवीन पत्ता फोर्सिंग (भिडूने बोलायलाच हवं), २ नो ट्रम्प (बिनहुकमी) म्हणजे चौकशी, त्यावर हॅरॉल्ड ऑगस्टच्या पायऱ्या, हात चांगला की वाईट, पत्ता चांगला की वाईट. छान आहे, पण हे सगळं गृहीत धरतं की पुढचा पास म्हणालाय आणि जोर आपल्याकडे असू शकतो. डबल आला की हिशोबच बदलतो: एकूण पॉइंट ४०, भिडूकडे ८ धरा, डबलवाल्याकडे १३, उरले १९ आणि ते आपल्यात आणि चौथ्यात वाटायचे. आपल्याकडे १६ असतील असं क्वचितच होतं, आणि असले तर रीडबल, म्हणजे त्यांच्या डबलवर आपला डबल, आहेच. म्हणजे २ नो ट्रम्पची चौकशी बेकार बसली, फोर्सिंग नवीन पत्त्याला पण काम उरलं नाही. माझ्या मते पुढचं सगळं या बेकार बसलेल्या बोल्यांना काम शोधून देण्यातूनच आलंय.

पत्ता किती वाढवायचा हा भाग आधी नुसत्या अंदाजावर चालायचा. ज्याँ-रेने व्हेर्न या फ्रेंच माणसाने १९६० च्या दशकात मांडलं की दोन्ही बाजूंचे मिळून होणारे हात (जिंकलेल्या फेऱ्या) हे साधारण दोन्ही बाजूंच्या हुकुमांच्या बेरजेइतके असतात. मार्टी बर्गन आणि लॅरी कोहेनने ते उचललं आणि कोहेनच्या १९९२ च्या पुस्तकानंतर ते घरोघरी झालं. आपल्याला सोपं रूप पुरतं, भिडूची सहा आणि आपली तीन म्हणजे नऊ, तर तीनपर्यंत जा (तीनची बोली म्हणजे सहा अधिक तीन, नऊ हात), आपली चार असतील तर सरळ चारवर उडी, डबल मिळाला तरी चालेल. १९८७ ला नॉन-व्हल्नरेबल (जेव्हा दंड कमी असतो तेव्हाच्या) डबलची शिक्षा वाढली, कमी पडलेल्या चौथ्या हातापासून ३०० प्रत्येकी, म्हणजे चार हात कमी पडले तर ७०० चे ८०० झाले, पण तीन हात कमी म्हणजे ५०० तसेच राहिले, त्यामुळे त्यांच्या गेमला आडवं जाण्याच्या हिशोबात फार फरक पडला नाही.

समोरचे पण शहाणे होत गेले हं. १९७० च्या सुमारास लेबेनसोल आलं, आधी एक नो ट्रम्पमध्ये कुणी घुसलं तर वापरायला, मग लोकांनी ते वीक टू वरच्या डबलनंतर पण लावलं, २ नो ट्रम्प बोलून कमजोर हात आणि बरा हात वेगळे करायचे. म्हणून मी म्हणतो आपण पास म्हणून त्यांना आरामात बोलू देणं म्हणजे फुकटचं दान.

आता नवीन पत्त्याचं. आपण ३ किलवर बोललो, तर अर्थ काय, बदाम सोड आणि किलवर खेळू, की बदाम मलाही चालतात पण उतारी किलवरची कर? मॅककेब नावाची जी युक्ती आहे ती दुसरा अर्थ घेते. कारण साधं आहे, डबलनंतर पत्ता बहुतेक वेळा डबलवाल्याचा भिडूच बोलतो, तोच खेळतो, आणि पहिली उतारी आपल्या भिडूची. समजा आपल्याकडे इस्पिक ७४, बदाम ८७३, चौकट ९६५२, किलवर एक्का-राणी-१०-४. नुसतं ३ बदाम बोललो तर भिडू ४ इस्पिकवर बदामचा राजा टाकणार. ३ किलवर ऐकलं असेल तर तो किलवर काढेल, डबलवाल्याचा हात टेबलावर, किलवरचा राजा तिथे असला तर आपल्या एक्का-राणीच्या कात्रीत सापडला. आणि खरंच आपलाच लांब पत्ता खेळायचा असेल तर ते बेकार २ नो ट्रम्प कामाला लागतं, भिडूने ३ किलवर म्हणायचंच, मग आपण पास किंवा आपला पत्ता. काही जोड्या तर पुढे जाऊन रीडबलपासून ट्रान्सफर खेळतात, म्हणजे एक बोलायचं आणि त्याच्या वरचा पत्ता दाखवायचा, म्हणजे खरा जोरदार रीडबल गेला, मला ते नाही पटत.

मॅककेब चांगलंय पण दोघांना लक्षात पाहिजे. माझ्या भिडूने एकदा असंच ३ किलवर सांगितलं उतारीसाठी, मी आपला शहाण्यासारखा पास, आणि तो बिचारा तीन किलवर पानांवर तीनचा करार खेळत बसला, बदामात आमची नऊ पानं तशीच.